टीव्ही, रेडिओ की पॉडकास्ट? अमेरिकेतल्या छोट्या मंडळीने पैसे कुठे घालावेत

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळीत कुटुंबे मोजून सव्वीस. नगर, मिरज, सोलापूर, जालना इकडून आलेली माणसे आणि इथेच जन्मलेली त्यांची मुले. गेल्या वर्षी एका वयस्कर सभासदांनी शुभवर्तमानाच्या प्रसारासाठी म्हणून काही रक्कम मंडळीच्या नावे ठेवली आणि पंच कमिटीत वाद सुरू झाला. पाळकसाहेबांना टीव्हीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम हवा. खजिनदार काका रेडिओचे, कारण नोकरीच्या काळात रोज दीड तास गाडीत बसून त्यांनी तोच ऐकला. पोरे म्हणाली, पॉडकास्ट, म्हणजे फोनवर हवे तेव्हा ऐकता येणारा कार्यक्रम. मी अधूनमधून लिहितो, म्हणून चौकशीचे काम माझ्या गळ्यात पडले. त्या चौकशीत जे हाती लागले ते इथे मांडतो. अशाच पेचात पडलेल्या दुसऱ्या कुठल्या मंडळीला उपयोगी पडेल.

आधी एक गंमत. आपल्याकडे छापील माध्यमातून शुभवर्तमान आणले ते अमेरिकन मिशनऱ्यांनीच. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरला निघाला, तो त्यांच्याच मिशनने काढला. आता त्या नगरकरांची नातवंडे-पतवंडे अमेरिकेत बसून कुठले माध्यम घ्यावे म्हणून डोके खाजवतात.

टीव्ही : घरे मोजायची की माणसे?

चौकशीत पहिल्याच आठवड्यात एका ख्रिस्ती वाहिनीच्या वेळ-विक्रेत्याने रंगीत माहितीपत्रक पाठवले. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, आमची वाहिनी इतक्या कोटी घरांत पोचते. 'पोचते' या शब्दावर बोट ठेवा. ज्या घरात केबलची वायर किंवा डिशचा सिग्नल गेलाय ते प्रत्येक घर या हिशेबात धरलेले असते. आमच्याही घरात पाचशे वाहिन्या 'पोचतात'. त्यातल्या आम्ही सहा बघतो.

हा घोळ आजचा नाही. १९८०च्या सुमारास टीव्हीवरच्या प्रचारकांचे प्रेक्षक अमेरिकेत कित्येक कोटी असल्याचे सांगितले जाई. १९८४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ॲनेनबर्ग स्कूल आणि जनमत चाचण्या घेणारी गॅलप कंपनी यांनी मिळून पाहणी केली, तेव्हा नेमाने बघणारे निघाले सुमारे १ कोटी ३३ लाख. ही संख्या लहान नव्हे, पण दाव्यांच्या मानाने फारच कमी. आमच्या कामाची गोष्ट तर त्यापुढे होती. हे प्रेक्षक कोण होते? वयाने मोठे, त्यात बायका जास्त, दक्षिणेकडच्या राज्यांतले जास्त आणि बहुतेक आधीपासूनच चर्चला जाणारे. म्हणजे टीव्हीने चर्चची माणसे पळवली नाहीत, आणि चर्चबाहेरची फारशी आणलीही नाहीत. चाळीस वर्षे झाली या पाहणीला, पण ख्रिस्ती टीव्ही मुख्यतः विश्वासूच बघतात आणि तेही उतारवयाचे, हे चित्र अजून खोटे ठरलेले नाही.

तरीही टीव्हीत जोर होता आणि आहे. फुल्टन शीन हे कॅथलिक बिशप १९५२ पासून रात्रीच्या मोक्याच्या वेळी फळ्यावर खडूने लिहीत बोलायचे आणि त्यांना एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कारही मिळाला. प्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी १९६१ मध्ये व्हर्जिनियातल्या एका मोडकळीला आलेल्या स्टेशनवरून सीबीएन ही ख्रिस्ती प्रसारण संस्था सुरू केली. १९६३ साली खर्च भागेना, तेव्हा त्यांनी महिन्याला १० डॉलर देणारी ७०० माणसे मागितली. महिन्याचे ७,००० डॉलर झाले की स्टेशन चालले. त्यांच्या 'द ७०० क्लब' या कार्यक्रमाचे नाव तिथून आले. त्याच संस्थेने उभी केलेली केबल वाहिनी १९९७ मध्ये १.९ अब्ज डॉलरला विकली गेली, तीही अट घालून : मालक कोणीही होवो, आमचा कार्यक्रम दाखवावाच लागेल. ती वाहिनी आता डिस्नेकडे आहे, तरुणांच्या मालिका दाखवते आणि मधेच ७०० क्लबही लागतो. पाळकसाहेबांना हा किस्सा फार आवडला. त्यांना मी आठवण करून दिली की ते ७०० लोक आधी मिळाले, अब्ज नंतर.

दुसरी बाजूही कमिटीपुढे ठेवली. १९८७ मध्ये टीव्ही-प्रचारक जिम बेकर यांची पीटीएल ही संस्था कोसळली आणि १९८९ साली देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल त्यांना शिक्षा झाली. २००७ मध्ये सिनेटर ग्रासली यांनी सहा टीव्ही-प्रचारकांचे हिशेब मागितले. याचा डाग इतरांवरही पडला. इथल्या साध्या माणसाच्या मनात 'टीव्हीवरचा पाद्री' म्हटले की आधी पाकीट सांभाळण्याचाच विचार येतो. आपण सव्वीस कुटुंबांची मंडळी, तो डाग आपल्या अंगाला कशाला लावून घ्यावा?

खर्चाचेही तसेच. वाहिनीला वेळेचे भाडे, वर कॅमेरा, दिवे, संकलन. एक भाग बरा दिसायचा तर चार माणसांचे चार दिवस जातात. शिवाय केबलची वर्गणी बंद करणारे दरवर्षी वाढतायत. टीव्ही घ्यायचाच तर निदान उपासना थेट यूट्यूबवर दाखवा. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीप्रमाणे अमेरिकेतली साधारण चौथा हिस्सा प्रौढ माणसे ऑनलाइन किंवा टीव्हीवर नेमाने उपासना बघतात. आजारी आणि म्हातारी माणसे त्यात येतातच. त्यासाठी कोणा वाहिनीला भाडे द्यायला नको.

रेडिओ : एका डब्यात दोन धंदे

खजिनदार काकांचा रेडिओ मला वाटला त्यापेक्षा जास्त जिवंत निघाला. २ जानेवारी १९२१ ला पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशनने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चची उपासना प्रसारित केली, तेव्हापासून हे नाते आहे. आमच्या पलीकडच्या झॅरेफाथमधले डब्ल्यूएडब्ल्यूझेड तर १९३१ पासून चालू आहे. आज ते 'स्टार ९९.१' म्हणून गाणी लावते.

पण 'ख्रिस्ती रेडिओ' असे एकच काही नसते. एक प्रकार गाण्यांचा. त्यात सर्वांत मोठे के-लव्ह. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथे एका स्टेशनपासून सुरू झाले, आज देशभर शेकडो फ्रिक्वेन्सींवर एकच कार्यक्रम ऐकू येतो. जाहिरात नाही, सगळे श्रोत्यांच्या देणग्यांवर. न्यूयॉर्कचे ९५.५ हे पॉप-रॉकचे जुने नामवंत स्टेशन २०१९ मध्ये त्यांनी विकत घेतले, तेव्हा आमच्या शेजारचा रॉकवेडा गृहस्थ आठवडाभर सुतकात होता. या धंद्यातले लोक आपल्या आदर्श श्रोत्याला नावाने ओळखतात : 'बेकी'. उपनगरात राहणारी, तिशी-चाळिशीतली, मुलांना शाळेत सोडायला निघालेली आई. गाणे निवडताना प्रश्न एकच, बेकीला आवडेल का? गाडीत मुले मागे बसलेली असतात, म्हणून काही वावगे कानावर पडता कामा नये. आपल्या सुषमा, विनिता, रेबेका या साऱ्या थोड्याफार बेकीच. पण तिथे आपला संदेश लावता येत नाही. तिथे वेळ विकायला नसतोच.

दुसरा प्रकार प्रवचनांचा. न्यूयॉर्कच्या ५७० एएमवरचे (एएम म्हणजे आपले मीडियम वेव्ह) डब्ल्यूएमसीए त्यातले. तिथे तासामागून तास वेगवेगळ्या प्रचारकांनी विकत घेतलेले असतात. ही पद्धत जुन्या भांडणातून आली. सुरुवातीला मोठी रेडिओ जाळी चर्चना फुकट वेळ देत, पण तो जुन्या प्रस्थापित पंथांना मिळे. शुभवर्तमानाच्या प्रचारावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल मंडळींना पैसे मोजूनच बोलावे लागे आणि तेही दरवाजे बंद होऊ लागले, तेव्हा १९४४ साली त्यांनी नॅशनल रिलिजस ब्रॉडकास्टर्स ही संघटना काढली. स्टेशनांना थोडी लोकसेवा दाखवावी लागे, पण १९६० मध्ये विकलेला धार्मिक वेळही त्या खात्यात धरायला सरकारने मुभा दिली. मग फुकट वेळ कोण देणार?

या प्रकाराच्या श्रोत्यांची निष्ठा मात्र अजब. जे. व्हर्नन मॅगी पाच वर्षांत सगळे बायबल शिकवून संपवत. ते १९८८ मध्ये गेले. त्यांचे जुने रेकॉर्डिंग अजून रोज लागते, पाच वर्षे संपली की पुन्हा पहिल्यापासून. खजिनदार काका सध्या त्यांच्याबरोबर तिसऱ्यांदा प्रवास करतायत. वक्ता हयात नाही याने काही बिघडत नाही म्हणतात.

मोजणी टीव्हीपेक्षा बरी. मोठ्या शहरांत श्रोते मोजणारी नील्सन कंपनी निवडक माणसांना पेजरसारखे एक यंत्र देते. स्टेशनच्या आवाजात लपवलेली खूण ते टिपून घेते, म्हणून 'मी ऐकतो' म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. खरेच कानाशी वाजले का तेवढे दिसते. अडचण एवढीच की चालू असणे आणि ऐकणे यातला फरक त्यालाही कळत नाही.

धोका एएमला आहे. काही कंपन्यांनी विजेवरच्या गाड्यांतून एएम काढून टाकले. फोर्डने २०२३ मध्ये तसे ठरवले होते आणि ओरड झाल्यावर मागे घेतले. प्रवचने बरीचशी एएमवर असल्यामुळे ख्रिस्ती प्रसारकच या लढ्यात पुढे होते.

स्वतःचे स्टेशन? कमी शक्तीच्या एफएमचा परवाना ना-नफा संस्थांना मिळतो. १०० वॅट, पल्ला साडेतीन मैलांच्या आसपास. मध्यपश्चिमेतल्या एखाद्या गावात हे सोन्यासारखे आहे. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मधोमध राहणाऱ्या आम्हाला मोकळी फ्रिक्वेन्सी मिळणे कठीण, आणि साडेतीन मैलांत आमची चारच घरे आहेत.

पॉडकास्ट : थोडे, पण कान देऊन

फादर माइक श्मिट्झ या कॅथलिक धर्मगुरूंनी १ जानेवारी २०२१ ला 'द बायबल इन अ इयर' सुरू केले. रोज वीस-पंचवीस मिनिटे वाचन आणि थोडे विवेचन. काही दिवसांत ते अमेरिकेत ॲपलच्या पॉडकास्ट यादीत सर्वांत वर गेले. धार्मिक वर्गात नव्हे, सगळ्यांत वर. खून-दरोड्यांच्या मालिका खाली राहिल्या. त्याच वर्षी ख्रिश्चॅनिटी टुडे या ख्रिस्ती मासिकाने सिअ‍ॅटलच्या मार्स हिल या मोठ्या चर्चचा डोलारा कसा कोसळला यावर पॉडकास्ट मालिका काढली. चर्चला कंटाळून बाहेर पडलेले लोकही ती ऐकत होते. आपल्याच घरातली घाण अशी उघड करण्याची मुभा टीव्हीवर कोण देणार? देणगीदार दुसऱ्या दिवशी फोन करतील.

एडिसन रिसर्चच्या वार्षिक पाहणीत २०१३ मध्ये महिन्यातून एकदा तरी पॉडकास्ट ऐकणारे अमेरिकेत १२ टक्के होते, २०२४ मध्ये ४७. श्रोता तरुण, आणि स्वतः शोधून आलेला. भाषेचे बंधन नाही. डॅलसचा मराठी माणूस आणि पुण्याची त्याची मावशी एकच भाग ऐकू शकतात. रेडिओला हे जमत नाही.

आकड्यांची लबाडी मात्र इथेही आहे. 'डाउनलोड' म्हणजे ऐकणे नव्हे. पूर्वी कोणी बऱ्याच दिवसांनी एखादा भाग लावला की ॲपलचा फोन मधले चुकलेले भागही आपणहून उतरवून घेई. २०२३ च्या सप्टेंबरात ते बंद झाले, तसे भल्याभल्यांचे आकडे घसरले. तेव्हा कोणी पोराने ग्राफ दाखवला तर लगेच हुरळून जाऊ नका. भाग कुठपर्यंत ऐकला जातो ते विचारा.

आणखी एक खड्डा गाण्यांचा. रेडिओ स्टेशन गाण्यांचे हक्क ठोक दराने भरते, पॉडकास्टला ती सोय लागू नाही. नावाजलेले इंग्रजी उपासनागीत मागे वाजवले तर नोटीस येऊ शकते. आपल्यापाशी उपाय आहे. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांच्या शब्दांवर आता कोणाचा हक्क नाही. मात्र गायचे आपणच. एखाद्या गायकाची तयार कॅसेट उचलली तर तो हक्क वेगळा.

मग काय करावे?

तुमच्या मंडळीत सत्तरीपुढची माणसे जास्त असतील तर थेट उपासना दाखवा आणि वाहिनीच्या वेळ-विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा. लहान गावात असाल, सरकारने परवान्यासाठी अर्ज मागवले आणि वायरी समजणारा एखादा तरी सभासद असेल, तर कमी शक्तीचा एफएम घ्या. इंग्रजीत, शेजारच्या अनोळखी माणसांपर्यंत जायचे असेल तर प्रवचनांच्या स्टेशनवर आठवड्याला पंधरा मिनिटे विकत घेऊन बघा, पण तेरा आठवड्यांपेक्षा लांबचा करार करू नका. आमच्यासारखी भाषेची छोटी, पांगलेली मंडळी असेल तर पॉडकास्टच. सुरू करण्याआधी दहा-बारा भाग तयार ठेवा, कारण तिसऱ्या भागानंतर सगळ्यांचा उत्साह ओसरतो. आणि प्रत्येक भाग व्हॉट्सॲपवर टाका. आमच्या आज्यांना पॉडकास्ट म्हणजे काय ते अजून कळलेले नाही, पण त्या रोज ऐकतात.

कमिटीने शेवटी तेच ठरवले. खजिनदार काकांनी पैसे सोडताना एक अट घातली : दर महिन्याला डाउनलोड सांगू नका, भाग ऐकून फोन किती आले ते सांगा. पहिल्या महिन्यात चार आले. त्यातला एक पाळकसाहेबांच्या मेव्हण्याचा होता.