ग्लूटेन तपासायची घरगुती पट्टी: कुठे भरवशाची, कुठे नाही

ग्लूटेन म्हणजे गहू, बार्ली, राय या धान्यांतलं प्रथिन. काटेकोर ग्लूटेनमुक्त खाणं ज्या घरात पाळावं लागतं, तिथे ते तपासायची ही पट्टी ठेवावी का? ठेवावी. पण ताटातल्या प्रत्येक घासाची हमी मिळेल या आशेने ठेवू नये, त्या कामी ती तोकडी पडते. नेहमी आणतो ते पीठ, भांडी धुण्याची आपली पद्धत, समाईक ओटा, यांची परीक्षा घ्यायला मात्र घरच्या घरी याहून चांगलं साधन नाही. हा फरक न ओळखता वापरली तर पैसे जातात आणि, त्याहून वाईट म्हणजे, खोटा दिलासा मिळतो.

तत्त्व गरोदरपणाच्या चाचणीचंच आहे. नमुन्यातलं ग्लूटेन द्रावणात उतरवायचं, त्यात पट्टी बुडवायची. पट्टीवरच्या प्रतिपिंडांनी ग्लूटेनचा ठरावीक तुकडा पकडला की चाचणीची रेघ उमटते. तिच्या शेजारची कंट्रोल रेघ, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ, प्रत्येक वेळी यायलाच हवी. ती नसेल तर ती पट्टी बाद, निकाल काहीही दिसत असो.

किती ग्लूटेन असलं की रेघ यावी, हे किटावर पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. एक पीपीएम म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅम. कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या सुधारित मानकाप्रमाणे ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. या मर्यादेवरचं अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्लं तर पोटात १० मिलिग्रॅम ग्लूटेन जातं, म्हणजे गव्हाचं साधारण १०० मिलिग्रॅम पीठ; पुरती चिमूटसुद्धा नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिअॅकच्या (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेव्हा आतड्याच्या अस्तराला इजा दिसली. इतक्या कमी मात्रेचा हा मामला असल्यामुळेच नुसत्या नजरेवर आणि चवीवर भागत नाही.

काही किटांमध्ये थेंबांची संख्या बदलून ५ किंवा २० पीपीएम अशी पातळी निवडता येते. घेताना हीच घ्यावीत. एकच पीठ दोन्ही पातळ्यांवर तपासलं आणि ५ ला रेघ आली, २० ला आली नाही, तर ते मर्यादेच्या आत आहे पण अगदी कोरंही नाही, एवढं तरी कळतं. रोज भरपूर खाल्ल्या जाणाऱ्या पिठासाठी ही माहिती मोलाची आहे.

आता नमुना. बहुतेक चुका इथेच होतात. किटात एक ग्रॅमच्या आसपास पदार्थ लागतो आणि लोक पाकिटाच्या वरूनच चमचाभर उचलतात. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन साधारण ४ मिलिग्रॅम. १०० ग्रॅम मसुरीत असा एक दाणा पडला असेल तर सगळं मिळून प्रमाण ४० पीपीएम होतं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. पण त्यातून उचललेल्या एका ग्रॅममध्ये तो दाणा येण्याची शक्यता शंभरात एक. न आला तर पट्टी कोरी, आला तर ४,००० पीपीएम! दोन्ही निकाल त्या १०० ग्रॅमबद्दल काहीच खरं सांगत नाहीत. म्हणून जे तपासायचं ते किमान १०० ग्रॅम बारीक दळून, नीट कालवून, मगच त्यातला एक ग्रॅम घ्यायचा. दळायचं भांडं ग्लूटेनमुक्त कामासाठीच ठेवलेलं हवं. पूर्वी गहू दळलेल्या मिक्सरच्या पात्याखाली आणि रबरी रिंगेत राहिलेली भुकटीच रेघ आणायला पुरते. अख्खी कडधान्यं आणि अख्खे तृणधान्याचे दाणे मात्र पट्टीवर तपासूच नयेत. ताटात एका थरात पसरून दोनदा निवडावेत आणि धुऊन घ्यावेत. तिथे डोळा पट्टीपेक्षा सरस ठरतो.

पुढचं काम सोपं, पण घाई चालत नाही. किट फ्रिजमधलं असेल तर ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. नमुना कुपीत घालून दोन मिनिटं जोरात हलवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढंच पुढच्या कुपीत सांगितलेल्या थेंबांनी घ्यायचं. गढूळ द्रव गेला तर पट्टी अर्ध्यात तुंबते. पट्टीचं पाकीट आयत्या वेळी फोडायचं, कारण दमट हवेत ती खराब होते. निकाल सांगितलेल्या मिनिटालाच वाचायचा, बहुतेक किटांत तो दहाव्या मिनिटाला असतो. नंतर पट्टी सुकताना उमटलेली पुसट छटा धरायची नाही. पण वेळेत आलेली रेघ कितीही फिकी असली तरी ती ‘आहे’च; फिकी म्हणून सोडून द्यायची नाही. ग्लूटेन उतरवण्यासाठी बऱ्याच किटांत अल्कोहोलचं द्रावण असतं, तेव्हा हे सगळं गॅसच्या ज्योतीपासून लांब करावं.

पट्टी कोरी आली तरी विश्वास ठेवू नये असे काही पदार्थ आहेत, आणि किट विकणारे ही बाजू बारीक अक्षरात ढकलतात याचा राग यायलाच हवा. पहिला गट आंबवलेल्या आणि विघटित पदार्थांचा: गहू घालून केलेला सोया सॉस, बार्लीची बिअर, माल्टचा अर्क. त्यात ग्लूटेनचे छोटे तुकडे झालेले असतात. पट्टीला रेघ आणण्यासाठी एकाच तुकड्याला दोन ठिकाणी पकड घ्यावी लागते. तुकडा छोटा असेल तर दुसरी पकड मिळत नाही. शरीराला मात्र ते तुकडे त्रास देऊ शकतात. अशा पदार्थांसाठी प्रयोगशाळेतली ‘कॉम्पिटिटिव्ह’ पद्धतीची वेगळी चाचणी असते. घरी घटकांची यादी वाचून गहू किंवा बार्ली दिसली की बाजूला ठेवणं हाच खरा उपाय.

दुसरा गट कोको, कॉफी, चहा, रेड वाइन, गडद मसाले यांचा. त्यांतली टॅनिनसारखी द्रव्यं प्रथिनांना धरून ठेवतात आणि ग्लूटेन द्रावणात उतरतच नाही. काही किटांत यासाठी वेगळी कृती दिलेली असते. नसेल तर चॉकलेटवर पट्टी वाया घालवू नये. भाजलेल्या पदार्थांचीही अडचण आहे. उष्णतेने ग्लूटेनचे धागे एकमेकांत घट्ट अडकतात आणि नुसत्या अल्कोहोलने ते पूर्ण सुटत नाहीत, म्हणून ब्रेड-बिस्किटांत प्रमाण असतं त्याहून कमी दिसू शकतं. घरी केलेला ब्रेड तपासण्यापेक्षा त्यात घातलेलं प्रत्येक पीठ कच्चं असताना तपासावं.

तिसरी फसगत उलटी आहे. ग्लूटेन फारच जास्त असेल तरी रेघ फिकी पडते किंवा येतच नाही, कारण प्रतिपिंडांच्या सगळ्या जागा भरून जातात आणि दोन बाजूंची जोडी जुळत नाही. काही पट्ट्यांवर हे कळण्यासाठी तिसरी रेघ असते. ती नसेल आणि शंका असेल तर निवळ द्रव दहापट पातळ करून पुन्हा तपासायचा. पातळ केल्यावर रेघ गडद झाली तर पहिला कोरा निकाल खोटा होता.

ओट्सचं प्रकरण प्रतिपिंडावर अवलंबून आहे. आर-५ नावाचं प्रतिपिंड ओट्सच्या स्वतःच्या प्रथिनाला ओळखत नाही, त्यात मिसळलेला गहू, बार्ली, राय तेवढं पकडतं. जी-१२ हे दुसरं प्रतिपिंड ओट्सच्या काही वाणांवरही रेघ देऊ शकतं. ग्लूटेनटॉक्स नावाच्या किटात जी-१२ असतं. त्यामुळे ओट्स तपासायचे असतील तर किट घेण्याआधी डब्यावर कोणतं प्रतिपिंड लिहिलंय ते बघावं. आर-५ च्या पट्टीवर ओट्स कोरे आले म्हणजे ते मिसळीपासून स्वच्छ आहेत एवढंच. सिलिअॅक असणाऱ्या काही थोड्यांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

पट्टीचा सर्वांत चांगला उपयोग ओट्यावर आणि भांड्यांवर होतो. भांडं नेहमीसारखं धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून, कोरडं करायचं. मग किटातल्या ओल्या बोळ्याने साधारण १० सेंटीमीटर लांब-रुंद जागा दाब देऊन पुसायची आणि बोळा द्रावणात घोळायचा. इथला निकाल पीपीएममध्ये नसतो, ‘आहे’ किंवा ‘दिसलं नाही’ एवढाच असतो. रेघ आली तर पद्धत बदलून पुन्हा तपासायचं: स्पंज वेगळा, ग्लूटेनमुक्त भांडी आधी, पाणी वाहतं. उकळत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने जंतू मरतील, ग्लूटेन मरत नाही. ते साबण लावून घासून, धुऊन काढावं लागतं. एकदा गुळगुळीत स्टील कोरं आलं की तीच पद्धत तशीच चालू ठेवायची, रोज तपासायची गरज नाही. पिठाची चाळणी, भेगा पडलेली लाकडी फळी आणि समाईक टोस्टर यांवर पट्टी खर्चूच नये. जाळीच्या एका कोपऱ्यातला कोरा निकाल दुसऱ्या कोपऱ्याला लागू होत नाही. या तीन वस्तू सरळ वेगळ्या घ्याव्यात.

बाहेर खाताना खिशातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा मोह होतो. त्यात वाटाण्याएवढा घास टाकायचा आणि काही मिनिटांत निकाल. पण ताटाच्या एका कडेचा घास दुसऱ्या कडेला पडलेल्या पिठाबद्दल काय सांगणार? ग्लूटेन आहे असा निकाल आला तर ते ताट परत करावं, नाही असा आला तरी स्वयंपाक्याला विचारायचे प्रश्न विचारावेतच: तळणीचं तेल वेगळं आहे का, सॉस कशाने घट्ट केलाय, पास्ता उकळलेलं पाणी पुन्हा वापरता का.

प्रमाणित ग्लूटेनमुक्त पाकिटावर रेघ आली तर लगेच फेकू नये. त्याच पाकिटातून नव्याने दळून-कालवून दोन वेगळे नमुने घ्यावेत आणि स्वच्छ धुतलेल्या दुसऱ्या चमच्याने पुन्हा करावं. दोन्हींत रेघ आली तर वेळेवर काढलेला पट्टीचा फोटो, बॅच क्रमांक आणि उरलेलं पाकीट जपून उत्पादकाला कळवावं. तोवर त्या बॅचचं काहीही खाऊ नये. आणि पीठ एकदा कोरं आलं तरी तो निकाल त्या बॅचपुरता धरावा. बॅच क्रमांक बदलला की एक पट्टी पुन्हा काढावी.