चॅनेल ‘सिंक’ करून देतो म्हणाला

६०,००० सॅट (सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) यायचे होते. ते घेण्याच्या नादात ४,५०,००० घालवून बसलो, म्हणजे तेव्हाच्या भावानं पंचवीसेक हजार रुपये. २०२४ मधली गोष्ट.

मी डिझाइनची फुटकळ कामं करतो. परदेशातला एक क्लायंट बिटकॉइनमध्ये पैसे देतो, तेही लाइटनिंगवर, म्हणजे बिटकॉइनवरच उभारलेल्या झटपट पेमेंटच्या जाळ्यावर. मुख्य साखळीवर (ब्लॉकचेनवर) व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, म्हणजे ब्लॉकला, दहाएक मिनिटं लागतात, गर्दी असली की फी चढते. लाइटनिंगमध्ये साखळीवर एकदा पैसे अडकवून चॅनेल, म्हणजे दोघांमधलं सामाईक खातं, उघडायचं, मग आपसात कितीही वेळा हिशेब बदला. साखळीवर पुन्हा नोंद होते ती चॅनेल बंद करताना. कुणी जुना हिशेब पुढे केला आणि वेळेत पकडला गेला, तर चॅनेलमधले त्याचेही पैसे समोरच्याला मिळतात. हे वाचून मी निर्धास्त होतो. इथे लबाडी चालतच नाही, असं मित्रांना ऐकवायचोसुद्धा.

त्या दिवशी पेमेंट सारखं फेल होत होतं. टेलिग्रामच्या एका ग्रुपवर विचारलं. पाच मिनिटांत एकाचा खासगी मेसेज आला. माझ्या वॉलेटचा, म्हणजे बिटकॉइन ठेवायच्या ॲपचा, लोगो, नावापुढे ‘सपोर्ट’, भाषा मराठी आणि अदबशीर.

“सर, चॅनेल तुम्ही स्वतःच्या पैशानं उघडलंय, सगळी शिल्लक तुमच्याच बाजूला आहे. पलीकडे काही असेल तरच तुमच्याकडे येईल ना?”

हे शंभर टक्के खरं होतं. चॅनेलमधून थोडे खर्च केले असते, किंवा पलीकडच्या कुणी माझ्याकडे चॅनेल उघडलं असतं, तर काम झालं असतं. इतके दिवस न उमगलेली गोष्ट त्यानं दोन ओळींत समजावली. म्हणूनच पुढचंही खरं वाटलं: “चॅनेल सिंक करावं लागेल. लिंक पाठवतो, तिथे बारा शब्द टाका.”

वॉलेट काढताना मिळालेले ते बारा शब्द म्हणजेच वॉलेट, ज्याच्या हाती ते त्याच्या हाती पैसे, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर कागदावर लिहून कपाटात ठेवले होते. उठलो, कपाट उघडलं, कागद काढला आणि एकेक शब्द टाइप केला. पैशांपेक्षा याचीच लाज जास्त वाटते.

थोड्याच वेळात ॲपनं दाखवलं, चॅनेल बंद होतंय. त्याला विचारलं. “सिंक होताना तसं दिसतं सर, अर्धा तास ॲप उघडू नका.” मी उघडलं नाही! अर्ध्या तासानं शिल्लक शून्य, आणि त्याचं चॅटही गायब.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे बँकेतून गेले असते तर समोरचं खातं गोठवता तरी आलं असतं. इथे हातात होता फक्त पैसे गेले तो बिटकॉइनचा पत्ता, त्यावरून पैसे पुढे कुठे सरकले तेवढं बघायचं.

क्लायंटचे ६०,००० नंतर नवं वॉलेट काढून साध्या ऑन-चेन, म्हणजे मुख्य साखळीवरच्या, पत्त्यावर मागवले. वीसेक मिनिटांत आले.