‘ब्रूडर आमचाच घ्या, तरच हमी’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

मागच्या डिसेंबरात आमच्या बचत गटातल्या आम्हा तिघींचे कोंबडीच्या पिल्लांच्या व्यवहारात मिळून 42,000 रुपये बुडाले. पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातले, हप्ते अजून चालू आहेत. आमच्या अकोले तालुक्यात आणि बाहेरही अशी माणसं फिरत असणार, म्हणून घडलं तसं सगळं लिहिते.

गटाच्या बैठकीला एक जण फाईल घेऊन आला. बोलायला फार गोड. 100 पिल्लांचं एक युनिट, प्रत्येकीला एक. एका दिवसाची ‘गावरान क्रॉस’ पिल्लं, सगळ्या माद्या, मरेक या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचलेली, 65 रुपयांना एक. पाच महिन्यांनी अंडी घरून उचलणार, 10 रुपयांना एक. अट एकच, पिल्लं त्यांच्याच ब्रूडरमध्ये वाढवायची. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पत्र्याची पेटी, 7,500 रुपये.

मी विचारलं, “दादा, घरात डालगं आहे, बल्ब आहे, तूस तर पोत्यानं पडलंय. त्यात नाही व्हायचं?”

“ताई, घरगुती जुगाड केला की मर होते. मग हमी देता येत नाही.”

याच वाक्यावर आम्ही फसलो. कोंबडीखाली दहा-बारा पिल्लं आम्ही लहानपणापासून वाढवलीत, पण आईविना शंभर म्हटल्यावर जीव घाबरतो. त्यानं ती भीती ओळखली आणि तीच आम्हाला विकली. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली किती शेतकरी बुडाले ते बातम्यांत पाहिलं होतं. पण तो मोठा मामला, आपलं शंभर पिल्लांचं काय, असं वाटलं.

पिल्लं आली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खोक्याचं झाकण उघडलं आणि म्हणाल्या, “सगळी पिवळी? आपल्या कोंबडीखाली एका वेताची दोन पिल्लं सारख्या रंगाची निघत नाहीत, आणि ही शंभरच्या शंभर सारखी कशी?” मी फोन केला. तो म्हणाला, पिसं बदलली की रंग येतो. मी त्याचं ऐकलं, आत्याबाईंचं नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

त्या रात्री पारा बराच उतरला होता. पेटीला तापमान आपोआप राखणारं यंत्र होतं, म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. पहाटे पाहिलं तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. वरची थरथरत होती, खालची चपटी झाली होती. उचलून मोजली, 31. एकेक हातात घेताना मानेखालचा भाग अजून कोमट लागत होता.

नंतर गावातल्या वायरमनकडून पेटी उघडून घेतली. तापमान मोजणारी तार बल्बला चिकटवलेली. बल्ब तापला की यंत्राला वाटे पेटी तापली, लगेच दिवा बंद. आत बल्ब दोन, 40 वॅटचे. साधारण हिशेब दर पिल्लामागे 2 वॅट, म्हणजे शंभराला 200 लागतात. इथे 80, तेही मधूनमधून. आणि पेटी चौकोनी. गारठलेली पिल्लं कोपऱ्यात दाटीवाटी करतात आणि गुदमरतात, म्हणून पिल्लांभोवतीचं कडं नेहमी गोल हवं. 7,500 रुपयांच्या पेटीला चार कोपरे होते.

त्याचं उत्तर ठरलेलं: तुमची देखभाल चुकली. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, ब्रूडिंगमधल्या मरीची जबाबदारी आमची नाही.

उरलेली 69 पिल्लं आत्याबाईंनी आणि मी घरच्या सामानावर जगवली. फ्रिजच्या खोक्याचा दीड फूट उंच पुठ्ठा गोल वाकवून बांधला. खाली दोन इंच भाताचं तूस, वर पहिले तीन-चार दिवस वर्तमानपत्र, नाहीतर पिल्लं तूसच खातात. मधोमध उलटी टांगलेली पाटी आणि तिच्यात 100 वॅटचे दोन बल्ब. जुने तारेचेच बल्ब लागतात, एलईडीची ऊब पुरत नाही, आणि दुकानदार हटकून एलईडीच पुढे करतो. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून आत ठेवायचो. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, तिच्या विषारी वायूनं पिल्लंही जातात आणि माणसंही. सगळा खर्च चारशेच्या आत.

पहिल्या आठवड्यात 95 फॅरेनहाइट, पुढे दर आठवड्याला पाचानं कमी, असं जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकतायत तर उकडतंय, सगळीकडे पसरून चरतायत तर बरोबर. उष्णता कमी-जास्त करायला आम्ही पाटी दोरीनं वर-खाली करायचो. त्यानंतर थंडीनं एकही दगावलं नाही.

अडीच महिन्यांत सगळी पांढरीशुभ्र झाली, तुरे लाल, आणि एकामागून एक आरवायला लागली. डॉक्टर आले, बघताक्षणी म्हणाले, ही अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं आहेत. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढतात तिथे, माद्या वेगळ्या काढल्या की नरांना कोणी विचारत नाही, मातीमोल भावात जातात. ती आम्ही 65 रुपयांना घेतली होती. खाद्य खाऊन अंगावर मांस नाही, अंड्याचा तर प्रश्नच नाही.

फोन तोपर्यंत बंद झाला होता. पावतीवरच्या पत्त्यावर गेलो तर भाड्याचा गाळा, कुलूप. पोलिसांनी अर्ज घेतला, पण पैसे रोख दिलेले, करार साध्या कागदावर, त्याचं पूर्ण नावसुद्धा आमच्याकडे नाही.

तुमच्याकडे कोणी आला तर हॅचरीचं बिल मागा, त्यावर पिल्लं निघाल्याची तारीख आणि लस लिहिलेली असते. देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. पैसे बँकेतूनच द्या. आधी पुणे किंवा कोल्हापूरच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात, नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लांची चौकशी करा. पेटी तर कोणाकडूनच घेऊ नका.

आमची पेटी पडवीत तशीच ठेवली आहे, ती तार बल्बला चिकटलेली तशीच. कधी तपास झालाच तर दाखवायला हवी. पुठ्ठ्याचं कडं मात्र आत्याबाईंनी घडी करून माळ्यावर टाकलंय, पुढच्या पिल्लांसाठी.