प्रौढपणी दुसऱ्या भाषेचं व्याकरण: उपजत कल मोठा की वापराची वर्षं?

दुसरी भाषा बोलता येते, पण व्याकरण अजून कच्चं आहे. मग क्लास लावून नियम शिकावेत, की त्या भाषेच्या माणसांत वावरत राहावं? प्रौढांनी नुसत्या वावरण्यावर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

वावरण्याने बरंच काही मिळतं. शब्द भराभर जमतात, भीड चेपते, बोलण्याला ओघ येतो. पण व्याकरण त्याच वेगाने सुधारतंच असं नाही. भाषा-अभ्यासक रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेखात त्याचं नाव वेस ठेवलं होतं. इंग्रजीत लोकांशी संवाद साधण्याचं त्याचं कौशल्य उत्तम वाढलं, व्याकरण मात्र जवळपास जागच्या जागीच राहिलं.

भाषिक कलाचं, म्हणजे भाषा शिकण्याच्या उपजत क्षमतेचं, काम वेगळं आहे. हा कल मोजणारी चाचणी तयार करणारे जॉन कॅरॉल यांनी त्याचे चार भाग मानले: ध्वनी टिपणं, वाक्यात कोणता शब्द काय काम करतो ते ओळखणं, उदाहरणांवरून नियम काढणं आणि पाठांतर. व्याकरणाला मधले दोन विशेष लागतात. एकाच माणसाचं पाठांतर पक्कं आणि नियम काढण्याची जाण बेताची, असंही असतं.

भाषा-अभ्यासक रॉबर्ट डीकाइझर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेत स्थायिक झालेल्या हंगेरियन लोकांचं इंग्रजी तपासलं. लहानपणी आलेल्यांमध्ये कलाने फारसा फरक पडला नव्हता. मोठेपणी आलेल्यांपैकी जे त्यांच्या जवळपास पोचले, त्यांची भाषेचं विश्लेषण करण्याची क्षमता बहुतेक चांगली होती. मला यातला पुढचा तपशील जास्त मोलाचा वाटतो: साध्या वाक्यातला शब्दक्रम उशिरा आलेल्यांनाही सहसा जमला, पण ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांनी त्यांना छळलं. जे कानावर ठळक पडतं ते वापराने येतं. जे हळूच निसटतं, त्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.

तुमचा कल कुठे आहे, याचा घरीच अंदाज घेता येतो. अनोळखी भाषेतली चार-पाच वाक्यं अर्थासह समोर ठेवा आणि त्यांतून नियम निघतो का पाहा. सहज निघत असेल तर व्याकरणाचं पुस्तक तुम्हाला लवकर फळ देईल, विशेषतः लिहिताना, कारण तिथे थांबून विचार करायला वेळ असतो. बोलताना तेवढी उसंत नसते, म्हणून नियम कळल्यावरही तो रोज वापरावाच लागतो.

नियम निघत नसेल तर व्याख्या घोकत बसू नका. एका वेळी एकच रचना घ्या, तिची भरपूर वाक्यं ऐका, स्वतः बोला. चूक झाली की तिथल्या तिथे सांगेल असा माणूस शोधा. ओळखीची माणसं अर्थ कळला की पुढे जातात, चूक दाखवत नाहीत. त्यामुळे पैसे खर्च करायचेच असतील, तर ते या माणसावर करा.