मार्टच्या रॅकवर डबा दिसला म्हणून पैसे देऊ नका: कार वॅक्सच्या एजन्सीत गेलेले माझे ५,५३,२६४ रुपये

आकडा आधी सांगतो, कारण आमच्या नातेवाइकांत "पन्नास हजार गेले" इथपासून "पंचवीस लाखांना बुडाला" इथपर्यंत सगळं बोलून झालंय. डिपॉझिट १,५०,०००. पहिला माल ५७६ डबे, ४२५ रुपयांप्रमाणे २,४४,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४४,०६४, म्हणजे २,८८,८६४. मार्टच्या सहा दुकानांत रॅकवर माल ठेवायची 'लिस्टिंग फी' प्रत्येकी १८,०००, एकूण १,०८,०००. ट्रान्सपोर्ट ६,४००. बेरीज ५,५३,२६४ रुपये. सगळं बँकेतून दिलेलं आहे, एक रुपयाही रोखीत नाही. प्रत्येक बँक ट्रान्सफरची पावती माझ्याकडे आहे आणि तरीही आज माझ्या हातात काही नाही.

एजन्सीच्या नावाखाली कसे पैसे काढतात ते नव्याने सांगायची गरज नाही. जाहिरात, 'जिल्हा वितरक नेमणे आहे', परत मिळणारं डिपॉझिट, न खपलेला माल परत घेण्याचा करार, मग हळूहळू फोन उचलणं बंद. हे सगळं मलाही माहीत होतं. माझं कार डेकोरचं दुकान आहे; सीट कव्हर, मॅट, पॉलिश, परफ्यूम हेच बरीच वर्षं विकतोय. याआधी असे कितीतरी लोक माझ्या काउंटरवर आले आणि मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. म्हणून जे आता "हाव सुटली होती" म्हणतात त्यांनी पुढचं नीट वाचावं. या कंपनीने मला नुसतं मालात गंडवलं नाही. रॅक दाखवून गंडवलं.

मालाबद्दल मी पुरेपूर विचारलं होतं. कंपनीच्या माणसाने एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये काळ्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध मास्किंग टेप लावून अर्ध्या भागाला वॅक्स मारलं, पुसलं आणि बाटलीने पाणी ओतलं. वॅक्सच्या बाजूला पाण्याचे टपोरे मणी, दुसऱ्या बाजूला पाणी पसरलेलं. मी तिथंच म्हणालो की पहिल्या दिवशी हे कुठल्याही वॅक्सने होतं, साध्या सिलिकॉन पॉलिशनेही होतं, यात कार्नोबा किती ते सांगा. कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारं मेण. नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक, ८० अंशांच्या वर वितळणारं, आणि म्हणून महाग. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'ब्राझिलियन कार्नोबा' लिहिलं म्हणजे आत ते किती आहे हे कळत नाही. दोन टक्के असलं तरी लिहिता येतं. त्यावर तो माणूस म्हणाला, "सर, तुम्हाला यातलं कळतं म्हणून तर जिल्हा तुम्हाला देतोय. बाकीचे नुसते पैसे घेऊन येतात." अशी तारीफ कुणी करायला लागलं की तिथून उठा.

मग मी विचारलं की १,२९९ रुपये छापील किमतीचा डबा स्वस्त मालाच्या मार्टमध्ये कोण घेणार. त्याचं उत्तर तयार होतं, आणि मला ते आजही चुकीचं वाटत नाही. अशा मार्टच्या पार्किंगमध्ये शनिवार-रविवारी बघा, हप्त्यावर घेतलेल्या छोट्या गाड्यांची रांग असते. ते लोक गाडी चकाचक करून देणाऱ्या डिटेलिंगवाल्याकडे चार हजार घालवत नाहीत, पण '१,२९९ चा डबा ६९९ ला' असं दिसलं तर साबण-तेलाबरोबर ट्रॉलीत टाकतात. मार्टला बिल ५१० ने करायचं, मला ४२५ ला पडणार, डब्यामागे ८५ रुपये. सहा दुकानं, रोज एका दुकानात दोन डबे. म्हणजे दिवसाला १,०२० रुपये. फार मोठं आमिष नव्हतंच ते. महिन्याला लाख मिळतील असं कुणी बोललं असतं तर मी जागचा हललो नसतो.

आता तो प्रसंग, जो रात्री डोळ्यांसमोरून जात नाही.

"प्रत्यक्ष बघा आणि मगच ठरवा" म्हणत त्याने मला पुण्यात अशाच एका मार्टमध्ये नेलं. गाडीच्या सामानाच्या रॅकवर, डॅशबोर्ड पॉलिशच्या शेजारी, आमचे काळे डबे, सोनेरी झाकणं, दोन रांगांत मांडलेले. शेजारी कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा गिऱ्हाइकांशी बोलत होता. माझा विश्वास तिथे बसला. पण डब्यांच्या खाली रॅकच्या कडेला किमतीची जी पट्टी असते, तिच्यावर लिहिलं होतं 'ग्लास क्लीनर ५०० मिली' आणि ९९ रुपये. मी त्यावर बोट ठेवून विचारलं. तो म्हणाला, "नवीन आयटम आहे सर, पट्ट्या रात्री बदलतात." या दुकानांत पट्टी एक आणि वर माल दुसरा, हे कुणी पाहिलेलं नाही? मी मान हलवली. मग दोन डबे मी स्वतः ट्रॉलीत टाकले, घरी वापरून बघू म्हणून. बिलिंगच्या रांगेजवळ आल्यावर त्याने ते उचलले. "कशाला विकत घेता सर, गाडीत सॅम्पल आहे, ते देतो," म्हणाला आणि त्या टी-शर्टवाल्या मुलाच्या हातात देऊन टाकले.

ते डबे काउंटरवर गेले असते तर स्कॅनरने वाचलेच नसते. त्या दुकानाच्या सिस्टीममध्ये ते नव्हतेच. माणसाने स्वतः माल आणून दुसऱ्याच्या दुकानात मांडावा, आपलाच मुलगा शेजारी उभा करावा आणि तिथे गिऱ्हाईक घेऊन यावं, ही शंका कुणाला येईल? आत जाताना आपल्या पिशव्या सील करतात, दारात गार्ड उभा असतो. अशा ठिकाणी परका माल रॅकवर कसा येईल, असंच कुणीही धरून चालेल. मीही तेच धरलं.

म्हणून सांगतो: कुणी आपला माल मार्टमध्ये आहे म्हणून दाखवायला नेलं तर तो विकत घ्या, काउंटरवर स्कॅन करून घ्या, आणि छापील बिल खिशात टाका. ज्या दुकानात ते नेतात तिथे नाही, तुम्ही निवडलेल्या दुसऱ्या शाखेत. नाही म्हणाले तर तिथूनच घरी या.

पुढचं पटापट झालं. करार, डिपॉझिट, मालाचे पैसे. मग मार्टचा लोगो असलेली परचेस ऑर्डर आली, त्यावर व्हेंडर कोड (माल पुरवणाऱ्याला मार्ट देतं तो नंबर), सहा दुकानांची नावं. ती बघून मी लिस्टिंग फी भरली, आणि भरली ती कंपनीच्याच खात्यात. रॅकच्या जागेचे पैसे मार्टला जायचे असतील तर ते कंपनीच्या खात्यात का, हे विचारलं तेव्हा "आमचं सेंट्रल अकाउंट आहे" असं उत्तर आलं. माल आला, खरोखर आला, २४ खोकी. पण तो घेऊन दुकानात गेलो तेव्हा मालाची उतराई घेणाऱ्याने कागद बघून सांगितलं की हा कोड त्यांच्याकडे नाही, आणि त्यांची खरेदी दुकानातून होतच नाही, मुख्य ऑफिसातून होते. माल बहुतेक वेळा त्यांच्या गोदामातून येतो, जिल्ह्याच्या एजन्सीकडून नाही. मुख्य ऑफिसला मेल केला, उत्तर आलं: ही ऑर्डर आम्ही दिलेली नाही. एक मेल. हा मेल पैसे भरण्याआधी करा, आणि पत्ता कंपनीने दिलेला नको, मार्टच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्या.

त्या संध्याकाळी गोदामात बसून एका डब्याचं किमतीचं स्टिकर नखाने सोललं. खाली आधीचा छाप होता: १६० रुपये. १६० रुपयांचा डबा मला ४२५ ला गळ्यात मारला. 'इम्पोर्टेड' लिहिलेल्या डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, ग्राहक तक्रारीचा नंबर नाही. पॅकबंद मालाचे २०११ चे नियम आहेत, त्यात हे सगळं छापणं बंधनकारक आहे. कुठल्याही एजन्सीचा माल हातात आला की पुढची बाजू सोडा, मागचं बारीक अक्षर आधी वाचा.

जीएसटी नंबर मी तपासला होता, हेही लिहून ठेवतो, कारण सगळे तेच विचारतात. पोर्टलवर नंबर चालू होता. फक्त चालू आहे एवढं बघून भागत नाही. नोंदणीची तारीख बघा, रिटर्न भरलेत का ते बघा, दोन्ही तिथेच फुकट दिसतं. यांनी रिटर्न भरलंच नाही, त्यामुळे बिलावर घेतलेले ४४,०६४ सरकारकडे गेले नाहीत आणि माझ्या सीएने सांगितलं की त्या कराची वजावट (क्रेडिट) मलाही मिळणार नाही. म्हणजे कराच्या नावाखालीही लुटलं.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. चोरापेक्षा जास्त चीड मला इथे आली.

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. "अहो, माल मिळालाय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा." मी खोटी परचेस ऑर्डर दाखवली, मार्टचा मेल दाखवला. ते म्हणाले जाहिरात फेसबुकवर होती ना, मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही माणसाला समोरासमोर भेटलात, सही केलीत, स्वतः आरटीजीएस केलंत, हे आमच्यात बसत नाही, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात आलो तर म्हणे त्यांचं ऑफिस तिकडे मुंबईच्या बाजूला, हद्द आमची नाही. आर्थिक गुन्ह्यांचं काम बघणाऱ्यांनी रक्कम ऐकून फाइल न उघडता परत दिली. साडेपाच लाख म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नाही. माझ्या दुकानाचा वर्षाचा नफा आहे तो! बँकेने तर पोलिसांचं पत्र आणल्याशिवाय समोरच्या खात्याबद्दल एक अक्षर सांगणार नाही म्हणून सांगितलं. पोलीस पत्र देत नाहीत कारण गुन्हा नोंद नाही, गुन्हा नोंद होत नाही कारण तो दिवाणी वाद आहे. आणि तोवर त्या खात्यातले पैसे कधीच काढून झालेले.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवायचा अधिकार त्यांना नाही, हे मला नंतर वकिलांकडून कळलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायचीच. फसवणुकीचं जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय, शिक्षा सात वर्षांपर्यंत. नोंदवून घेत नसतील तर अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवायचं, तरीही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. तुम्ही तोंडी बोलत राहू नका. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. मला पहिल्या वेळी शिक्का दिला नाही, आणि आज तेच ठाणं म्हणतं तुम्ही उशिरा आलात.

ग्राहक आयोगाचंही तेच. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा २०१९ च्या कायद्यात ग्राहक धरत नाहीत, त्यामुळे तिथेही वाटाण्याच्या अक्षता. एजन्सी घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्या. बादली फुटकी निघाली तर तुम्हाला दाद आहे, एजन्सीचा माल बनावट निघून साडेपाच लाख गेले तर त्या दारात उभं राहता येत नाही.

आणि कळस म्हणजे वजनमापे खात्याचं ऑफिस. मी स्टिकर सोललेले डबे घेऊन गेलो, वाटलं निदान हे तरी हात घालतील. साहेबांनी डबा उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "असा माल विक्रीसाठी ठेवणं हाच गुन्हा आहे. तो तर तुमच्या दुकानात आहे." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. तक्रार करायला गेलेल्या माणसाला दम देऊन पाठवलं. त्याआधी ४१ डबे मी वॉशिंग सेंटरवाल्यांना शंभर-शंभरला दिले होते, ४,१०० रुपये आले. त्यानंतर एक डबाही विकला नाही. ५३५ डबे गोदामात पडून आहेत आणि त्या जागेचं भाडं मी भरतोय.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि लगेच लक्षात आलं असेल तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात. माझ्या बाबतीत माल यायला वेळ लावला तो याचसाठी, हे आता समजतंय.

अधीक्षकांना रजिस्टर टपालाने अर्ज गेला आहे, मॅजिस्ट्रेट कोर्टातला अर्ज वकील तयार करताहेत. ते म्हणतात की एकट्याची तक्रार व्यवहाराचा वाद ठरते, पण तीच परचेस ऑर्डर, तोच व्हेंडर कोड आणि त्याच दुकानांची नावं आणखी कुणाकडे असतील तर कटाचा पुरावा होतो. म्हणून ज्यांच्याकडे काळा डबा, सोनेरी झाकण, २०० ग्रॅम, 'ब्राझिलियन कार्नोबा' असा माल पडून आहे, त्यांनी लाजून गप्प बसू नये. किमतीचं स्टिकर सोला, खालच्या छापाचा फोटो काढा, परचेस ऑर्डरवरचा व्हेंडर कोड लिहून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या. सध्या त्याच अर्ध्या बॉनेटचा व्हिडिओ लावून 'सिरॅमिक स्प्रे'साठी जिल्हा वितरक हवेत अशी जाहिरात फिरते आहे. डिपॉझिट या वेळी २,००,००० आहे.