कळसूबाई की कोकणकडा: छायाचित्रणासाठी कुठे जावे?

हाताशी एकच मोकळा शनिवार-रविवार असेल आणि सह्याद्रीची घडण दिसेल असे छायाचित्र हवे असेल, तर अकोले तालुक्यातील दोन ठिकाणांमध्ये मन घुटमळते: १,६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या पश्चिम अंगाचा कोकणकडा. दोन्ही एकाच अभयारण्यात येतात आणि दोन्हींचा कातळ बेसाल्टचाच, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचाच आहे, तरी कॅमेऱ्यासाठी त्यांची मागणी अगदी वेगवेगळी आहे.

कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहिले की खुद्द कळसूबाईच चौकटीबाहेर जाते. माथा लहान, त्यावर देवीचे मंदिर आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी, त्यामुळे ट्रायपॉडला जागा मिळणेही कठीण होते. तेथून टिपायचा तो भोवतालचा मुलूख: पश्चिमेकडे ओळीने अलंग, मदन, कुलंग आणि खाली भंडारदऱ्याचा जलाशय. सूर्योदयानंतर या तिन्ही किल्ल्यांच्या कड्यांवर समोरून उजेड पडतो. त्या वेळी लांब पल्ल्याची लेन्स उपयोगी पडते. मात्र त्यासाठी बारी गावातून अंधारातच निघून लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. शिखराचेच छायाचित्र हवे असेल, तर चढण्यापेक्षा सकाळी बारीच्या परिसरातून ते घ्यावे.

भूशास्त्राच्या दृष्टीने कळसूबाईची गोष्ट अधिक चकित करणारी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेल्या लाव्हाने दख्खनवर थरांवर थर चढवले. पश्चिम घाटातील या थरांची भूशास्त्रज्ञांनी तीन उपगटांत मांडणी केली असून त्यांपैकी सर्वांत खालच्या, म्हणजेच सर्वांत जुन्या उपगटाला कळसूबाईचे नाव आहे. सर्वांत उंच शिखर जुन्या थरांच्या मुलखात कसे, याचे उत्तर थरांच्या कलात आहे: ते दक्षिणेकडे अतिशय मंद उताराने कलत जातात, त्यामुळे महाबळेश्वरच्या माथ्यावर सर्वांत वरच्या उपगटाचा खडक सापडतो आणि इकडे उत्तरेला खालचे थर उंचावर दिसतात. कळसूबाई म्हणजे ज्वालामुखीचे तोंड नव्हे. भोवतालचा खडक झिजून गेल्यावर मागे राहिलेला तो भाग आहे. अडचण इतकीच की हे सारे वाचून कळते, छायाचित्रात उतरत नाही.

कोकणकड्यावर ते उतरते. कडा आत वळलेला, प्रचंड अर्धगोल आहे. त्याच्या एका टोकाला थांबून समोरच्या टोकाकडे पाहिले की थर अक्षरशः मोजता येतात. लाव्हाचा घट्ट भाग सरळ भिंतीसारखा उभा राहतो, तर वरचा सच्छिद्र भाग लवकर झिजून तेथे अरुंद पट्टी तयार होते. पावसाळ्यानंतर या पट्ट्यांवर गवत वाढते आणि काळ्या कातळावर आडव्या हिरव्या रेघा उमटतात. म्हणूनच माझ्या मते ऑक्टोबर हा सर्वांत चांगला महिना. मार्च-एप्रिलमध्ये हवा धुरकट होते आणि गवतही वाळलेले असते. हा कडा म्हणजे किनाऱ्याच्या बाजूने झीज होत होत पूर्वेकडे मागे सरकलेल्या घाटमाथ्याची आजची कड आहे, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही.

कड्याचे तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी कातळ सावलीत असतो. त्याचा पोत दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात उघडतो, त्यामुळे पाचनईच्या तुलनेने सोप्या वाटेने दुपारपर्यंत वर पोहोचले तरी चालते. सकाळी थांबण्याचे कारण एकच: खाली दरीत धुके आणि पाठीशी ऊन असेल, तर इंद्रवज्र, म्हणजे आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसू शकते. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवामानविषयक लेखनात या गडावरील अशा दर्शनाची नोंद आहे. पण त्याच्या भरवशावर बेत आखू नये. धुके जुळून येणे नशिबाचा भाग आहे.

पहाटेचे दूरवरचे दृश्य आणि राज्याच्या सर्वोच्च माथ्याचे समाधान हवे असेल, त्याने कळसूबाई निवडावी. खडकाचा इतिहास एका चौकटीत हवा असेल, तर मी निःसंशय कोकणकडा सुचवेन. वाइड अँगल लेन्स घ्यावी, काठावर उभे न राहता पालथे पडून कॅमेरा पुढे करावा, त्याचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला असावा, आणि मुक्काम किंवा ड्रोनचा विचार असल्यास वनखात्याची परवानगी आधीच विचारून घ्यावी.