जावाचं लोकेल आणि बटाट्याची पट्टी : नऊ महिन्यांनंतर

बेळगावच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी पट्टीचा प्रोग्राम लिहिला, त्याला नऊ महिने झाले. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या २१ व्या आवृत्तीवर लिहिला. आकडे, तारखा, मजकूर यांची भाषेची बाजू पूर्णपणे जावाच्या स्वतःच्या सामानावर सोडली होती: लोकेल, आकड्यांसाठी नंबरफॉरमॅट, तारखांसाठी डेटटाइमफॉरमॅटर, मजकुरासाठी रिसोर्सबंडल. पहिल्या आठवड्यातलं कौतुक मीही केलं होतं. मग बटाट्याचा आणि रताळ्याचा हंगाम आला.

दुकान कसं आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माल खानापूर, येळ्ळूर, कडोलीकडून येतो, तसा बैलहोंगल-गोकाककडूनही येतो, आणि पलीकडून चंदगडचाही. शेतकऱ्याच्या हातात पडते ती पट्टी. त्यात पोती, वजन, दर, त्यातून हमाली आणि उचल वजा, आणि खाली निव्वळ रक्कम. कुणाला ती मराठीत लागते, कुणाला कन्नडमध्ये, लांबच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत. एकाच खिडकीवर, एकाच सकाळी.

लोकेल ही वस्तू तशी इवलीशी. भाषा आणि देश एवढं सांगायचं: मराठी-भारत, कन्नड-भारत. ती स्वतः काहीच करत नाही, फक्त छापणाऱ्या आणि वाचणाऱ्या वर्गांना, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्यांना, सांगते की कुणासाठी काम चाललंय. तिच्यात देशानंतर राज्याचा रकाना नाही, हे मी दुकानातल्या दिवाणजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तिथं सीमाप्रश्न मिटला की."

जुन्या लोकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. जावा ८ ला आपणहून मराठी येत नव्हती, मराठी मागितली तरी आकडे इंग्रजीत यायचे. २०१७ मध्ये जावा ९ आली आणि तिनं युनिकोडच्या सीएलडीआर या, भाषाभाषांच्या आकडे-तारखांच्या रीती ठेवणाऱ्या, साठ्यातली माहिती मूळची म्हणून धरली. त्या साठ्यात मराठीचे नेहमीचे अंक देवनागरी आहेत. कन्नडला स्वतःचे अंक असूनही नेहमीचे म्हणून इंग्रजी अंकच धरलेत. म्हणजे प्रोग्राममध्ये एक अक्षर न बदलता मराठी पट्टीवर देवनागरी अंक येतात आणि कन्नड पट्टीवर इंग्रजी. मराठीतही इंग्रजी अंकच हवे असतील तर लोकेलच्या नावाला अंकपद्धतीचं शेपूट जोडता येतं. ते चोख चालतं, तक्रार नाही.

तक्रार स्वल्पविरामाची आहे. पहिल्या मोठ्या पट्टीवर बारा लाख चौतीस हजारांची रक्कम अशी छापून आली: १,२३४,५६७. दिवाणजींनी चष्मा वर केला, परत खाली केला आणि म्हणाले, "एक लाख किती? हे काय लिवलंय ओ?" माणूस चाळीस वर्षं खतावणी लिहितोय, त्याची नजर हजारानंतर दोन-दोन घरं टाकत जाते. मला वाटलं पॅटर्न, म्हणजे आकडा कसा मांडायचा तो नमुना, चुकला असेल. लाखाचा पॅटर्न हातानं लिहून दिला, तरी तेच. मग दस्तऐवज नीट वाचला. जावाच्या डेसिमलफॉरमॅटमध्ये, म्हणजे नंबरफॉरमॅटच्या पोटातल्या वर्गात, गटाचं माप एकच असतं. पॅटर्नमध्ये कितीही स्वल्पविराम द्या, शेवटच्या स्वल्पविरामापासून पुढचं अंतर तेवढं धरलं जातं. सीएलडीआरच्या साठ्यात लाख-कोटीची मांडणी बरोबर आहे, पण हा वर्ग ती वाचून अर्धी टाकून देतो. अंक देवनागरी आणि गट विलायती, असं धेडगुजरी काम.

त्यावर औषध म्हणजे आयसीयू फॉर जे हे तयार कोडचं वेगळं ग्रंथालय. वर्गांची नावं जवळपास तीच, फक्त पॅकेज वेगळं, आणि त्याच्या डेसिमलफॉरमॅटला दुसरं गटमापही आहे. त्याचा जार, म्हणजे फाईलींचा गठ्ठा, दहा एमबीच्या वर जातो. दुकानातल्या जुन्या मशीनवर मला ते जड वाटलं होतं, पण एकदा १२,३४,५६७ नीट छापून आल्यावर वजनाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मालकांना रोजच्या उलाढालीचा गोषवारा मोबाइलवर हवा होता. त्यासाठी जावा १२ पासून असलेला कॉम्पॅक्टनंबरफॉरमॅट वापरला. तो 'लाख', 'कोटी' असे शब्द घालून देतो. दिसायला फार गोड. एका सोमवारी साडेबारा लाखांचा धंदा झाला आणि गोषवाऱ्यात आले बारा लाख. दुसऱ्या दिवशी साडेतेराचा झाला, आले चौदा लाख. मालकांनी विचारलं, काल अर्धा लाख कुणी खाल्ला? कुणी नाही. हा वर्ग मुळात दशांश दाखवतच नाही, आणि बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम संख्येकडे झुकतो. दशांशाची एक जागा मागितली की झालं, पण ती मागावी लागते.

आता खरी गोष्ट. आकडा छापताना चुकला तर डोळ्यांना दिसतो, कुणीतरी ओरडतं. वाचताना चुकला तर कुणालाच दिसत नाही.

वाचण्याच्या बाबतीत जावाचा एक गुण आधी मान्य करतो. नंबरफॉरमॅट अंकांच्या लिपीबद्दल उदार आहे. देवनागरी, कन्नड, इंग्रजी, कुठलाही अंक द्या, एकाच रकमेत मिसळून द्या, तो वाचतो. पूर्णांक वाचणारं साधं पार्सइंटही देवनागरी घेतं, पैशांसाठी वापरतात ते नेमक्या दशांशाचं बिगडेसिमलही घेतं. डबल हा दशांश आकड्यांचा दुसरा प्रकार मात्र देवनागरी आकडा बघितला की अपवाद फेकतो, म्हणजे चूक म्हणून थांबतो, आणि मजकुरात नमुने शोधणाऱ्या रेजेक्समधली अंकाची नेहमीची खूण इंग्रजी अंकांपलीकडे ओळखत नाही. एका घरात चार सुनांच्या चार चुली असाव्यात तसं. पण हे एकदा कळलं की सांभाळता येतं.

जे सांभाळता आलं नाही ते असं. उचलीच्या रकान्यात दिवाणजींनी रक्कम टाकली: १,२५ ०००. दुसरा स्वल्पविराम राहिला आणि त्या जागी स्पेस पडली. नंबरफॉरमॅटचा नियम असा की जमेल तिथवर वाचायचं आणि न कळणारं चिन्ह आलं की थांबायचं. चूक नाही, अपवाद नाही, कुरकुर नाही. स्पेसपाशी तो थांबला आणि त्यानं परत दिले एकशे पंचवीस. स्वल्पविराम कुठल्या घरात पडलाय हेही तो बघत नाही, त्यामुळे '१,२५' हे त्याला अगदी सोज्वळ वाटलं. पट्टीत सव्वा लाखाच्या उचलीऐवजी एकशे पंचवीस रुपये वजा झाले आणि उरलेली सगळी रक्कम खानापूरकडच्या त्या शेतकऱ्याला दिली गेली.

पुढच्या बाजाराला तो स्वतःच आला. "सावकार, उचल कापायची ऱ्हायली की ओ." मालक मला काही बोलले नाहीत. फक्त ती पट्टी माझ्या कीबोर्डवर आणून ठेवली.

त्याच रात्री वाचण्याचा सगळा भाग बदलला. वाचून कुठं थांबलो हे सांगणारी पार्सपोझिशन नावाची वस्तू जावात फार पूर्वीपासून आहे. थांबलेली जागा आणि मजकुराची लांबी जुळली नाही तर रक्कम घ्यायची नाही, बस्स. दोन ओळींचं काम, पण मी ते केलं नव्हतं. शिवाय आयसीयूत कडक वाचनाची कळ आहे, तीही चालू केली, म्हणजे भलत्या घरातला स्वल्पविरामही अडतो. आणि तिसरं केलं ते सगळ्यात उपयोगी पडलं. रक्कम टाकली की रकान्याच्या बाजूला ती अक्षरी उमटते: एक लाख पंचवीस हजार. दिवाणजी आता आकडा बघतच नाहीत, शब्द वाचतात.

अक्षरी रकमेसाठी मराठीचा शून्य ते नव्याण्णव असा सरळ तक्ताच टाकला. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' अशी चाल दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. मीही हसलो होतो. तक्ता भरताना मात्र बावन्न, त्रेपन्न, चोपन्न करत पोचलो आणि मनात आलं, प्रोग्रामरच्या बाजूनं त्या पुस्तकात तथ्य होतं. कन्नडला एवढा मोठा तक्ता लागत नाही, तिथं वीसला एक जोडून निभतं, सांधा तेवढा सांभाळायचा.

तारखांचं सामान आकड्यांपेक्षा बरंच बरं आहे. जावा ८ पासूनचा डेटटाइमफॉरमॅटर अपरिवर्तनीय आहे, एकदा बनला की बदलत नाही, दोन खिडक्यांनी एकाच वेळी वापरला तरी गोंधळ होत नाही. जुना सिंपलडेटफॉरमॅट सामायिक ठेवला तर एकाची तारीख दुसऱ्याच्या पट्टीवर जाऊ शकते. नंबरफॉरमॅटलाही तीच खोड आहे, तो प्रत्येक खिडकीला वेगळा द्या. मराठी महिने, वार सगळे व्यवस्थित आहेत. गंमत एवढीच की पॅटर्न देऊन बनवलेला नवा फॉरमॅटर महिना मराठीत छापतो आणि अंक इंग्रजीत ठेवतो, मागे रक्कम देवनागरीत असली तरी. अंकशैली वेगळी सांगावी लागते. हे मला तिसऱ्या महिन्यात एका ग्राहकाच्या मुलीनं दाखवलं, मला दिसलं नव्हतं.

वाचताना लीप नसलेल्या वर्षातली ३१/०२ अशी तारीख टाकून बघा. जुना वर्ग ती ३ मार्च धरायचा, नवा गुपचूप २८ फेब्रुवारी करतो. दोघंही 'अशी तारीख नसते' म्हणत नाहीत. कडक रीत लावली की नवा म्हणतो, पण तेव्हा वर्षासाठी वायऐवजी यू ही अक्षरं वापरायची, नाहीतर तो युग विचारत बसतो आणि बरोबर तारखाही नाकारतो.

आणि ऑगस्ट! जुन्या फाँटमधल्या वह्या युनिकोडमध्ये आणल्या तेव्हा ऑगस्टच्या निम्म्या तारखा वाचल्याच जाईनात. पडद्यावर दोन्ही 'ऑगस्ट' एकसारखे. एकात ऑ हे सबंध अक्षर होतं, दुसऱ्यात अ ला वेगळा ॉ लावलेला. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत, ही दोन रूपं एक करत नाही, कारण त्याच्या लेखी ती समान नाहीतच. स्वतःच बदलून घ्यावी लागली. ऑक्टोबरलाही तेच झालं. यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि दिवाणजी सारखे विचारत होते की छापलेलं डोळ्यांनी दिसतंय ते मशीनला का दिसंना.

दोन अपघात पूर्ण माझेच. पहिला असा की दुकानातल्या मशीनची विंडोज मराठी प्रांतावर लावली होती. मजकुरात आकडा बसवणाऱ्या स्ट्रिंग-फॉरमॅटला लोकेल न सांगता आकडा दिला तर तो मशीनचं लोकेल घेतो. त्यामुळे बँकेला पाठवायच्या फाईलमध्ये खातेक्रमांक देवनागरीत गेले आणि फाईल परत आली. बँकेचं काही चुकलं नव्हतं. मशीनसाठी लिहिताना लोकेल-रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल, द्यायचं, माणसासाठी लिहिताना माणसाचं.

दुसरा जरा नाजूक. इंग्रजी मजकूर मी रिसोर्सबंडलच्या मूळ फाईलमध्ये ठेवला होता, मराठी-कन्नडच्या वेगळ्या फाईली. लांबच्या एका व्यापाऱ्यानं इंग्रजी पट्टी मागितली, निघाली मराठी. कारण मागितलेल्या भाषेची फाईल सापडली नाही की रिसोर्सबंडल मूळ फाईलकडे जाण्याआधी मशीनच्या लोकेलकडे जातो, आणि मशीन मराठी होतं. हे फॉलबॅक बंद करणारा कंट्रोल आहे, तो लावला. दुसरीकडे कुठं हा साधा बग म्हणून सोडून दिला असता. बेळगावात चुकीच्या माणसाच्या हातात चुकीच्या भाषेचा कागद पडला की तो बग राहत नाही. त्या दिवशी समोरचा हसून बोलला म्हणून निभावलं.

आता प्रोग्रामची बांधणी अशी झालीय. 'रक्कम' हा वर्ग आत बिगडेसिमल बाळगतो आणि त्याला कुठलीच भाषा येत नाही. 'तारीख'ही तशीच. भाषा येते ती दोनच वर्गांना, पट्टी छापणाऱ्याला आणि रकाना वाचणाऱ्याला, आणि त्यांना लोकेल बाहेरून हातात दिलं जातं, ते स्वतः कुठून उचलत नाहीत. खातेक्रमांक आणि पट्टीक्रमांक मुळात संख्या धरलेच नाहीत, ते मजकूर आहेत. आधी ते संख्या होते तेव्हा वाक्यात आकडे भरणाऱ्या मेसेजफॉरमॅटनं पट्टी क्रमांक १०२३४ ला इमानेइतबारे स्वल्पविराम लावून १०,२३४ केला होता.

गुण द्यायचेच तर तारखांना पाचपैकी चार, छापील आकड्यांना अडीच, वाचनाला दोन. सगळं मिळून साडेतीन म्हणतो, कॉम्पॅक्ट करून छापलं तर चार दिसतील.

पुढचं काम जावा २५ वर जायचं आहे. जावा २३ पासून नंबरफॉरमॅटलाही कडक वाचन आलंय, पण गटाचं माप तिथंही एकच, बरोबर लिहिलेलं १,२५,०००ही ते अडवेल, म्हणून लाखाच्या स्वल्पविरामासाठी छापायला आणि वाचायला आयसीयू राहीलच. शिवाय सीएलडीआरचा साठा दर आवृत्तीला थोडा हलतो. जावा २० मध्ये अमेरिकन इंग्रजी वेळेतल्या 'पीएम'च्या आधीची साधी स्पेस जाऊन तिथं अरुंद न-तुटणारी स्पेस आली होती आणि जगभर लोकांचं वाचन अडलं होतं. हे मी दिवाणजींना सांगायची चूक केली. आता त्यांची अट आहे: गेल्या हंगामातल्या दोनशे पट्ट्या जुन्यावर आणि नव्यावर छापायच्या, ते दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून एकेक ओळ तपासणार, मग बदला. गठ्ठे तयार आहेत. ते सध्या नातवाच्या बारशाला चंदगडला गेलेत.